साडूचा चाकू आणि बाबांचा खिसा

तीर्थस्वरूप दादांस,

थोरल्या जावयाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे जमेल तेवढं. कंबर धरली आहे, का धरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का, की अजून शेजारच्यांना वेळ कळवतो? इकडे सगळं ठीक. तुमची बहीण ठणठणीत आहे, निदान आवाजावरून तरी तसंच वाटतं.

साडूंचा चाकू कुठे अडकला, असे तुमचे दोन निरोप आले. दादा, चाकू अडकला नव्हता, तपासणी चालू होती. आपल्या चाकू-मंडळाचा नियम तुम्हाला मी काय सांगणार, तो तुम्हीच केलात. ज्यानं स्वतःच्या हातानं चाकू घडवला त्यानं तो फिरतीवर सोडायचा, प्रत्येकानं आठवडाभर खिशात वागवून रोजच्या कामाला वापरायचा, खरं वाटेल ते कार्डावर लिहायचं आणि पुढच्या नंबरला द्यायचा. मध्येच कुणा बाहेरच्याला दिला तर मंडळातून नाव कमी. मी नियमाचा माणूस आहे. आठवड्याचे तीन झाले ते केवळ कसून बघण्यामुळे. मी जळतो म्हणून वेळ लावतो, असं तुमच्या बहिणीचं म्हणणं आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नका. चाकू सोबत पाठवत आहे.

आता जळण्यासारखं आहे तरी काय? आपले दातवाले साडू भले गृहस्थ. तुमच्या धाकट्या बहिणीला सुखात ठेवतात, माझी दाढ काढली तेव्हा पैसेही घेतले नाहीत (घेतले असते तर मोकळेपणानं ओरडलो तरी असतो). पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत ह्या माणसानं चाकू धरला तो पावाला लोणी लावायला. मी धार लावायचो तेव्हा बाजूला उभं राहून 'बोटाला लागत नाही का हो?' असं विचारायचा. तो दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसतो काय, पातं घासतो काय, जुन्या टेबलाच्या पायाची मूठ बसवतो काय, आणि पहिलाच चाकू फिरतीवर सोडतो काय! लोकांच्या तोंडात हात घालून घालून त्याची बोटं हलकी झालीत, एवढंच त्यातलं कसब. आम्ही पुठ्ठ्याची खोकी डोक्यावर वाहिली, मग शिवली, मग मशीन घेतलं, मग चाकूला हात घातला. आमची बोटं जाडच असणार.

चाकूबरोबर फिरणाऱ्या पेटीतली आधीची कार्डं मी वाचली. (वाचायची नसतात, ठाऊक आहे. पेटी उघडली तर ती समोर आली.) संगीतवाल्या मास्तरांनी चार ओळी लिहिल्या आहेत, त्यातल्या तीन कळत नाहीत, पण सूर स्तुतीचा आहे. त्यांचं सोडा. आपले घड्याळजी, ज्यांच्या तोंडून आजवर 'बरं आहे' याच्यापुढे शब्द निघाला नाही, त्यांनी लिहिलंय, 'उघडताना घड्याळ चालल्यासारखा वाटतो.' माझा चाकू फिरला होता तेव्हा ह्याच घड्याळजींनी काय लिहिलं होतं आठवतं? 'जड आहे. कुत्रं मागे लागल्यास फेकायला बरा.' मी तेव्हा हसलो होतो. मंडळात हसावं लागतं.

पण दादा, मला घड्याळजींचं काही नाही. साडूनं घरात जाहीर केलंय की फिरती संपली की हा चाकू बाबांना द्यायचा. खरी गोष्ट एवढीच आहे. बाबांच्या खिशात चाकू आहे, आणि तो माझा आहे. तुम्ही तेव्हा बदलीच्या गावी होता, म्हणून सांगतो. खोकीवाल्याला मुलगी दिली याचं बाबांना किती वाईट वाटत होतं हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, फक्त माझ्याशीच बोलले नाहीत. माझ्या पहिल्या मशीनचं पातं तुटलं, तेव्हा त्याच्या तुकड्याचा मी घडीचा चाकू केला आणि भीत भीत त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सफरचंद घेतलं, साल न तुटता पूर्ण सोलून काढली, एक फोड मला दिली आणि चाकू खिशात टाकला. त्या दिवशी मी जावई झालो. लग्न त्याच्या तीन वर्षं आधी झालं होतं. आता त्या खिशात दातवाल्याचं पातं शिरणार म्हटल्यावर माणसानं काय टाळ्या वाजवायच्या?

तेव्हा मी ठरवलं, चाकू असा तपासायचा की त्यात दम नाही हे जगाला दिसलं पाहिजे. आणि पुठ्ठ्यासारखा धारेचा वैरी नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार! कारखान्यात नेला. डावीकडे माझा दुसरा चाकू, उजवीकडे ह्याचा, आणि मधे जाड पुठ्ठ्याची थप्पी. दोन्ही सारखे चालवायचे, आधी बोथट होईल तो हरला. माझा जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला. (चांगलाच टिकला म्हणायचा.) ह्याचा टिकला नाही, दादा, त्याला जोर चढला. दुपारी मी स्वतः वाकून वाकून पुठ्ठा ओढत होतो, पिना असलेला, चिकटपट्टी लावलेला, ओला, कसला म्हणून सोडला नाही. शेवटी चाकू तसाच राहिला आणि माझी कंबर बोथट झाली. मुकादम बाजूला उभा राहून बघत होता. मला म्हणाला, "शेठ, हा तुम्ही केलेला का?" म्हटलं, "नाही." तर म्हणतो, "तरीच." बावीस वर्षं पगार देतोय मी ह्या माणसाला.

पुढे तर शिस्तच गेली. पट्टी लावणाऱ्या मावशी, ज्या आजवर कात्रीशिवाय कशाला हात लावत नव्हत्या, त्या 'जरा बघू' म्हणून चाकू घेऊन गेल्या त्या परत येईनात. ट्रकवाल्यानं दोरी कापायला मागितला. दोरी कापून झाल्यावर, कापायची नव्हती तीही कापली. मुकादमानं गंमत म्हणून एका थप्पीवरून नुसता फिरवला, आणि केकवाल्यांची तयार खोकी झाकणापासून तळापर्यंत उभी चिरली गेली. केकवाले फोनवर काय बोलले ते तुमच्या वयाच्या माणसाला लिहून कळवणं बरं नाही. मी मुकादमावर ओरडलो. तो म्हणाला, "शेठ, मी दाबला नव्हता, आपोआप गेला." हे त्यानं ज्या कौतुकानं सांगितलं, त्या कौतुकानं त्यानं मला माझ्या मुलीच्या निकालाचे पेढेसुद्धा मागितले नव्हते.

धारेत दोष निघेना, म्हणून कानावर भिस्त ठेवली. माझा कान तुम्हाला माहीत आहे. मशीनचं बेअरिंग जाणार असेल तर मला जिन्यात कळतं. ऑफिसच्या खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, चाकू कानाशी धरून उघडला, मिटला. सांध्यात जरा ढील असती, खटका तसूभर चुकत असता, पातं कुठं घासत असतं, तर ऐकू आलं असतं. काही नाही. घामाघूम झालो आणि ऐकू आलं काय, तर बाहेर हिशेबनीस मुकादमाला सांगत होता, "शेठ चाकूशी बोलतायत." माझा उघडताना 'खाट्' असा वाजतो, लोखंडी ट्रंकेसारखा. त्याला मी आजवर भारदस्तपणा समजत होतो.

घरी आणला तर घरात दुसरं काय होणार. तुमच्या बहिणीनं त्यानं टोमॅटो चिरला आणि फोड दिव्यापुढे धरून बघितली. मी सहज विचारलं की माझ्या चाकूबद्दल तुझं काय मत. म्हणाली, "तुमचा दणकट आहे हो." मुलगी दिसायला कशी आहे विचारल्यावर लोक 'स्वभावानं गरीब आहे' म्हणतात ना, अगदी त्या सुरात.

तरी मी न्यायानं वागलो आहे आणि दोष शोधून कार्डावर लिहिले आहेत. एक, चाकू फार हलका आहे. खिशात आहे की पडला या धास्तीनं माणूस दिवसभर मांडी चाचपतो. दोन, फार गप्प आहे. उघडला हे शेजारच्याला कळतसुद्धा नाही. तीन, फार सहज उघडतो, नुसता अंगठा लावला की झालं, त्यात माणसाची काही मेहनतच नाही. चार, मूठ हातात फार बसते, त्यामुळे खाली ठेववत नाही आणि बाकीची कामं राहतात. तुम्ही मंडळात वडीलधारे. तुमच्या कार्डावर ह्यातला एखादा दोष आला तर लोक विचार करतील. मी सुचवत नाही, आपलं मनातलं बोललो.

उद्या बाबांकडे जाऊन येतो. त्यांच्या खिशातल्या आपल्या चाकूला दगडावर मस्त धार लावून देतो, म्हणजे दुसरा समोर येईपर्यंत आपला तयार असेल. येताना हे पत्र आणि चाकू एकत्र पुड्यात बांधून टाकतो. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपला,
खोकीवाला जावई

ता. क. चाकू सोबत नाही. पुडा उलटापालटा करून बघू नका.

झालं असं की काल बाबांकडे गेलो. आत मोरीत हात धूत होतो. बाबा गॅलरीत, आणि त्यांच्याजवळ ते शेजारचे, बस चालवायचे ते. आपला कान असा आहे, दादा, की नको ते आधी ऐकतो. बाबा दबक्या आवाजात म्हणत होते, "अहो, एवढा उघडून द्या पटकन. जावई आत आहेत." शेजारी म्हणाले, "रोज कशाला हा त्रास? हलकासा दुसरा घ्या की." त्यावर बाबा म्हणाले, "नको हो. त्यानं केलाय तो. वाईट वाटेल त्याला." मग शेजारी मोठ्यांदा खोकले. त्या खोकल्याच्या आडून 'खाट्' झालं. मला वाटतं, रोज असंच खोकत असतील.

मी नळ तसाच चालू ठेवून उभा होतो. बाहेर आलो तर बाबा सफरचंद सोलत होते, साल दर बोटभर अंतरावर तुटत होती, आणि मला म्हणाले, "धार अजून तशीच आहे बरं का तुझ्या चाकूला." त्यांच्या अंगठ्याचा सांधा एवढा सुजलाय. मी धार लावायचा दगड पिशवीतून काढलाच नाही. पुड्यात बांधायचा तो साडूचा चाकू काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी अंगठा लावला. उघडला. मिटला. परत उघडला. शेजारी खोकायच्या तयारीत होते, त्यांना खोकावं लागलं नाही. "हा कुणी केला?" बाबांनी विचारलं. म्हटलं, "घरातल्याच माणसानं." खोटं नाही ना हे? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, आणि एक फोड मला दिली.

ता. क. २. आता ज्यासाठी हे एवढं लिहिलं ते. चाकू नंबर सोडून बाहेर गेला, म्हणजे माझं नाव मंडळातून कमी व्हायला हवं. शिवाय खोकीवाल्यानं स्वतः नेऊन दिला हे दातवाल्याला कळलं तर तो गोड हसेल, मला मिठी मारेल आणि जन्मभर त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. तेवढं मला सोसवणार नाही. तेव्हा कृपा करा. चाकू तुमच्यापर्यंत पोचला, तुम्ही आठवडाभर वापरला आणि थोरला मुलगा ह्या अधिकारात परस्पर बाबांना पाठवून दिलात, असं लिहा. नियम तुम्हीच केलात, तुम्हाला कोण विचारणार? कार्डाला मजकूर लागेल तो वरच्या पत्रात सगळा आहे. माझे चार दोष आहेत ना, त्यातला 'फार' तेवढा काढून टाका, बाकी तसंच उतरवा. पुठ्ठ्याची हकिकत तुमच्याकडचीच म्हणून खुशाल घाला. तुमच्याकडे पुठ्ठा कुठून आला असं कुणी म्हणालंच तर मी खोकी पाठवली होती असं सांगा. हवी तर खरंच पाठवतो. केकवाल्यांची पडून आहेत.

ता. क. ३. आज सकाळी मुद्दाम डोकावलो. बाबांनी माझा चाकू टाकलेला नाही. दोन्ही वागवतात. साडूचा डाव्या खिशात, आणि माझा उजव्या, म्हणजे मानाच्या खिशात. तुमच्या कार्डात हे जरूर येऊ द्या. आता, उजवा अंगठा दुखतो म्हणून बाबा हल्ली सगळं डाव्या हातानं करतात, ही गोष्टही खरी आहे. ती लिहायची काही गरज नाही.