अण्णांचा न सुकलेला रंग

अण्णा, ओट्याखालची कपाटं रंगवायला रंगारी लावावा की नाही, हे ठरवण्यात माझा अख्खा महिना गेला, आणि त्याला कारण तुम्ही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, घाटकोपरच्या या दोन खोल्यांतलं तुमचं बाकी सगळं गेलं, पण तुमचा रंग गेल्या आठवड्यापर्यंत सुकलेला नव्हता. हा टोमणा नाही. खरवडून काढेपर्यंत बोट टेकवलं की ठसा उठायचा.

तो रविवार मला नीट आठवतो. तुम्ही बनियनवर फतकल मारून बसला आहात, शेजारी कारखान्यातून आणलेला हिरव्या रंगाचा डबा. आई म्हणते, "अहो, आधी सोड्याने पुसून तरी घ्या. फोडणीचं तेल बसलंय." तुम्ही म्हणता, "तू आमटी बघ." रंग घट्ट वाटला म्हणून त्यात रेशनचं रॉकेल ओतता. शेजारचे काका दारातून विचारतात, "एखादा रंगारी का नाही बोलवत?" त्यावर तुमचं ते वाक्य, पुढे सगळ्या मजल्याला पाठ झालेलं: "ज्याला हात नाहीत त्याने रंगारी लावावा." रंग सुकेना, तेव्हा म्हणालात थंडीत सुकेल. मुंबईत, थंडीत! मग म्हणालात उन्हाळ्यात. आई दार ओढायची तेव्हा कातडं सोलल्यासारखा आवाज यायचा. पाहुणे यायचे म्हटलं की ती कपाटांना पावडर फासायची. संक्रांतीचं हळदीकुंकू तर तिने बंदच केलं, कारण बायका पाणी प्यायला आत येतात, कपाटाला टेकतात, कुणाची नवी साडी खराब झाली तर तोंड कसं दाखवायचं? दर वर्षी ती दुसऱ्यांच्या घरून वाण घेऊन यायची आणि गुपचूप फळीवर ठेवायची. तुम्हाला ते कधी दिसलं नाही. तुम्हाला फक्त तुमचे हात दिसत होते.

यंदा ती म्हणाली, "एकदा तरी बायका माझ्या घरी येऊ देत रे." मी नववीत शाळा सोडलेला, औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा माणूस, पण डब्यावरच्या सूचना मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, रॉकेल खचितच ओतलं नसतं. तरी स्वतः करायचा धीर होईना. रक्त तुमचं. माझाही रंग सुकला नाही तर आईची ही संक्रांतही गेली.

म्हणून रंगारी बोलावला. तो निघाला तुमचाच भाऊबंद. खरवडणं नाही, पुसणं नाही, आल्या आल्या डबा उघडला. "साहेब, एक हात मारतो, झकास दिसेल." मी त्याला पहिल्यापासून खरवडायला लावलं, सोड्याने धुवायला लावलं, रजा टाकून पाटावर समोर बसलो. "त्या कोपऱ्यात राहिलं. बिजागरीवर रंग नको." शेवटी वैतागून त्याने ब्रश माझ्यापुढे धरला. "तुम्हीच मारा ना मग." माझे हात आपोआप पाठीमागे गेले. आई पदर तोंडाला लावून हसली.

रंग दुसऱ्या दिवशी सुकला. एका रात्रीत, अण्णा. तुम्हाला आयुष्यभर जमलं नाही ते एका बेफिकीर माणसाला जमलं, फक्त कुणीतरी डोक्यावर बसायला हवं होतं.

काल बायका आल्या. मी बाहेर गॅलरीत उभा होतो. आतून आवाज आला, "अगं बाई, कपाटं काय छान झालीत! कोणी रंगवली?" आणि आई, जिने तुमचा रंग इतकी वर्षं सोसला, ती ठसक्यात म्हणाली, "आमच्या पोराने. रंगारी कशाला लावायचा?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "बापावर गेलाय हो. तेही कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

दोन पावलं आत जाऊन मला खरं सांगता आलं असतं. मी कठड्याला टेकून उभा राहिलो. बरं वाटलं मला. हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिलं.