सुदेश आता सगळ्याला ओके म्हणतो

देवबाग,
मंगळवार, दुपार

प्रिय किशोरी,

तुझा मेसेज मिळाला. ‘लग्न ठरलं. विचारल्याबरोबर सुदेश ओके म्हणाला. शिवा, तू रोज त्याच्यासोबत असतोस, तो बरा आहे ना रे?’ आणि पुढे ते हसरं तोंड. मी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. फोनात हे मावणार नाही. तुमच्या गावी, कट्ट्याला येऊन सांगावं, तर तुझे बाबा मला चहा पाजून पुढच्या एस्टीत बसवतील. त्यांची चूक नाही, त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. म्हणून कागद घेतलाय. शाळा सुटल्यापासून एवढं कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे मी इकडेतिकडे गेलो तर सांभाळून घे. पण साखरपुड्याच्या आधी हे शेवटपर्यंत वाच, एवढं कर.

मी सध्या स्कूबाच्या होडीवर आहे हे तुला माहीत आहेच. कोल्हापूरला ट्रकवर होतो, मग गोव्यात बार धुतला, मग गदगला एका माणसाच्या मिरच्या वाळवल्या (त्याची गोष्ट वेगळीच आहे, कधीतरी सांगेन). सुदेशनेच मला इथे लावलं. तो पर्यटकांना खाली नेतो, मी वर दोर धरतो, नाहीतर त्यांना जेटीवर खुणा शिकवतो. पाण्यात बोलता येत नाही ना. आंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला की ओके. विचारायचं तरी तीच खूण, उत्तर द्यायचं तरी तीच. आणि एक नियम पक्का, समोरून खूण आली की उत्तर द्यायचंच. नाही दिलं तर माणूस अडचणीत आहे असं धरून वर काढायचा. आंगठा वर केला तर ‘मला वर न्या’. पर्यटक हे हमखास विसरतात. मासे बघून खूश होतात, आंगठा दाखवतात आणि पैसे फुकट गेले म्हणून वर येऊन भांडतात. सुदेश त्यांना म्हणायचा, “काका, तुमका मासो आवडलो तर माशाक सांगा, माका आंगठो दाखवू नकात.”

तो असाच होता. कशाला म्हणून पटकन बरं म्हणायचा नाही. आपल्याकडे बरं म्हणायच्याही किती तऱ्हा आहेत बघ. माझी आई ‘बरां’ म्हणाली की ते बरं असतं. ‘बरां हां’ म्हणाली की घराबाहेर पळावं. कोणी ‘बघूया’ म्हणाला की झालं, ते काम मेलं. पोरं मस्त म्हणतात, झकास म्हणतात, एक नंबर म्हणतात. सुदेशकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्या आईने माशाचा तिकला वाढला की पहिला घास घेऊन म्हणायचा, “ह्या तिकला आसा काय पाय धुतलेला पानी?” आणि मग तीन वेळा मागून खायचा. लग्नाचं विचारलंस की तुलासुद्धा तो वर्षभर ‘माका अजून जमाचा नाय’ म्हणत राहिला. तू चिडायचीस, मला फोन करून त्याला शिव्या द्यायचीस. मी ऐकायचो. मला ते फोन आवडायचे, पण ते जाऊदे.

दिवाळीनंतर एकदा नांगर खडकात अडकला. पर्यटक जेटीवर सोडून आम्ही त्यासाठी परत गेलो होतो, सकाळचं ऊन होतं, पाणी त्या दिवशी काचेसारखं. सुदेश नांगर सोडवायला खाली गेला आणि मी तोंडाला मास्क लावून वरून बघत तरंगत होतो. नांगर सुटला. त्याने वर बघून मला खूण केली, ओके. मी उलट केली. मग तो वर यायला वळला आणि थांबला. खडकाला तिथे एक कपार आहे, म्हशीचं डोकं जाईल एवढी. त्याने कपारीकडे तोंड केलं आणि तिकडे हात करून ओके केलं. मला वाटलं, मस्करी. मग मान थोडी वाकडी करून थांबला, आपण फोनवर पलीकडच्याचं ऐकताना थांबतो तसा. परत ओके. परत थांबला. परत ओके. किशोरी, तो विचारत नव्हता, उत्तर देत होता. विचारणाऱ्याचा हात आधी पुढे येतो, बोटं जरा हलतात. उत्तर देणाऱ्याचा हात नुसता वर जातो. मी रोज बघतो, मला कळतं.

होडीवर आला तेव्हा धडधाकट. मी म्हटलं, “खाली कोणाक भेटत होतस रे मेल्या?” तो हसला, म्हणाला, “ओके.”

तेव्हापासून हेच. चहा? ओके. उद्या तूच सगळ्या फेऱ्या मार? ओके. त्याची आई, नर्मदाकाकी, एकदा घाईत तिकल्यात मीठच घालायला विसरली. मी पहिला घास थुंकला. त्याने ताट पुसून खाल्लं. काकी मला म्हणते, “माझो झील सुदारलो रे शिवा, आता उलट बोलणा नाय.” परवा ती न्हाणीघरात घसरली, आतून हाक मारली, “सुदेश, ये रे!” हा पडवीत बसून म्हणाला, “ओके.” आणि बसूनच राहिला. मी धावलो. तो हसऱ्या तोंडाने समुद्राकडे बघत होता. मालवणला डॉक्टरला दाखवलं. सगळे रिपोर्ट चांगले. डॉक्टरने विचारलं, काही त्रास? काय उत्तर आलं ते तुला सांगायला नको. अगं, देवाला कौल लावला तर देवसुद्धा कधी डावा कौल देतो, नाही म्हणतो. हा देत नाही.

आणि अशा माणसाला तुझ्या घरच्यांनी विचारलं, लग्न करायचं ना.

मी स्वतः त्या कपारीपाशी गेलो, गेल्या आठवड्यात. आमच्यासोबत काम करणारा दीपेश होडीवर होता, त्याला म्हटलं, चष्मा पडलाय. आत काहीच नाही. काळोख, थोडी शेवाळ, एक शेवंड मिशा हलवत बसलेली. पण तिच्या मागचा काळोख माझ्याकडे बघून थांबला होता. दुसऱ्या शब्दांत नाही सांगता येत. कोणीतरी काही विचारून वाट बघतंय, आणि उत्तर न देणं हा उर्मटपणा होईल, असं वाटलं. खाली बघितलं तर माझा उजवा हात छातीपर्यंत वर आलेला, आंगठा बोटाला टेकायला आलेला. मी तो काखेत दाबला आणि तसाच एका हाताने वर आलो. दीपेश म्हणाला, “हात मोडलो काय?” अजून झोपताना मी तो उशीखाली घालतो.

तू म्हणशील, शिव्याला जळतंय. जळतंय, खोटं कशाला बोलू. आठवीपासून जळतंय. सुदेश वर्षभर नाही नाही म्हणत होता तेव्हा मी मनातून त्याला दुवा देत होतो. म्हणून तर हे लिहायला एवढे दिवस गेले. माझ्या जागी दुसरा कोणी हे सांगणारा असता तर मी तोंड उघडलं नसतं.

आज सकाळी फेरी नव्हती. तो वाळूत बसला होता, लाटेकडे हात करून गोल करत, थांबत, परत करत. मी जवळ बसलो. विचारलं, “तुझो पाय कापू?” ओके. “होडी जाळू?” ओके. मग विचारलं, “तू सुदेश आसस मां?” हसू तसंच, पण उत्तर नाही. मी उठणार होतो, तरी विचारलं, “किशोरीशी लगीन करतलस?” तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा, एवढ्या उन्हात. गळ्याच्या शिरा फुगल्या, तोंड उघडलं, आधी नुसतं खारं पाणी आलं हनुवटीवरून. आणि मग खूप लांबून, पण त्याच्याच आवाजात, त्या तिकल्याला नावं ठेवणाऱ्या आवाजात, म्हणाला, “नको. तिका सांग, नको.” लगेच बोटं सैल झाली, तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “ओके.” त्याने सांगायला सांगितलं म्हणून लिहिलं, किशोरी. तुम्हाला मिळालेला होकार कोणाचा आहे ते मला ठाऊक नाही. हा नकार मात्र सुदेशचा आहे. बहुतेक त्याच्याकडे आता तेवढाच उरलाय, आणि तो त्याने तुझ्यासाठी खर्च केला.

तुझाच,
शिवा