निर्दोष पट्टी

ती. ताईस,
धाकट्याचा दुरूनच वाकून नमस्कार.

पायाची काळजी करू नकोस. घोट्यावरची जखम आता नखाएवढीच उरली आहे. शिरांत साचलेले रक्त वर चढावे म्हणून पावलापासून गुडघ्यापर्यंत दाबपट्टी बांधतात, तिचाच हा गुण.

दर सोमवारी परिचारिका घरी येते. पट्टी घोट्याशी घट्ट आणि वर जाताना हलकी हवी. म्हणून मी प्रत्येक वेढा तपासतो आणि चुकलेला सोडायला लावतो. "सर, आता तरी पास करा हो!" असे ती हसून म्हणते. आठवड्यातले माझे बोलणे तेवढेच.

आज तिने पहिल्याच खेपेस निर्दोष पट्टी बांधली. नाव ठेवायला जागाच नव्हती. मी चहाचे विचारेपर्यंत ती जिना उतरली होती.

तुझे गुडघे कसे आहेत? लांबलचक लिही, चुका काढणार नाही.

तुझाच,
भाऊ