ईदनंतरच्या शनिवारी हैदराबाद

मुरुड, जि. लातूर

प्रिय बानो,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तुझे रोजे चालू असतील, म्हणून आधीच बजावते. इफ्तार होऊ दे, पोटभर जेव, आणि मगच पुढे वाच. या पत्रात खाण्याच्या गोष्टी इतक्या आहेत की उगाच माझ्या डोक्यावर पाप नको. फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या घरी फोन आला की तनूचे आबा तो स्पीकरवर टाकून मध्ये ठेवतात आणि स्वतः पेपर वाचत असल्यासारखे बसतात. तुझ्याकडे नात मनतशा आजीच्या हातात फोन राहू देत नाही. शिवाय आठवीत नांदेडच्या इतवाऱ्यातल्या आपल्या शाळेत एका बाकावर बसून आपण चिठ्ठ्या लिहायचो, ती खोड माझी अजून गेलेली नाही. तुझं शुद्धलेखन तेव्हाही माझ्यापेक्षा चांगलं होतं, तेव्हा चुका काढायच्या नाहीत.

तर बेत असा आहे. ईद झाली की येणाऱ्या शनिवारी आपण चौघांनी हैदराबादला जायचं. तू आणि फारूकभाई नांदेडहून या, आम्ही दोघं लातूरहून येतो. राहायचं आमच्या लेकीच्या, तनूच्या फ्लॅटवर. तिच्यासोबत राहणारी मैत्रीण तेव्हा गावी जाणार आहे, म्हणजे एक खोली आपल्या दोघींची आणि एक आपापल्या घोरणाऱ्यांची. ट्रिप म्हण, सहल म्हण, काहीही म्हण. मुलांच्या ॲडमिशन, दवाखाने, लग्नं आणि मयती सोडून आपण दोघी कधी कुठे गेलोय का, सांग बरं? माहूरला गेलो होतो तेव्हाही माझ्या सासूबाईंना धरून पायऱ्या चढण्यात दिवस गेला आणि तू खाली बसून आमच्या चपला राखल्यास. एवढी मोठी यात्रा आणि आपल्या वाट्याला साधा उसाचा रसही आला नाही.

या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. शनिवारी सकाळी उतरलो की पहिल्यांदा इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं. मग लाड बाजारात बांगड्या. तू भाव करायचा, कारण तू उर्दूत भांडायला लागलीस की दुकानदार आधी खूश होतो आणि मग हरतो. दुपारी बिर्याणी. आता लगेच डोळे मोठे करू नकोस. माळ यांच्या गळ्यात आहे, माझ्या नाही. त्यांच्यासाठी तनूने एक शाकाहारी खानावळ शोधून ठेवलीय. तिथे आंध्राची थाळी, भाताचा डोंगर, वरून तूप आणि जीभ भाजेल असं लोणचं. फारूकभाईंना ते बिर्याणीपेक्षा आवडेल असा माझा अंदाज आहे, तेव्हा त्या दोघांना तिकडे पाठवू आणि आपण आपल्या वाटेने जाऊ. शेवटी खुबानी का मीठा, वर मलई घालून. तुझ्या शादीत तो कमी पडला होता आणि नवरीच्या ताटातला मी खाल्ला होता. आठवतं का?

रविवारी दुपारी मात्र पबमध्ये जायचं आहे. हो, बरोबर वाचलंस, चष्मा पुसू नकोस. तनू जिथे काम करते तो पब.

आता हे सगळं तुला नीट सांगायलाच हवं, कारण या वर्षी येळवशीच्या अमावस्येला तुम्ही आमच्या रानात आला नाहीत आणि त्या दिवशी जे झालं त्याची अर्धीमुर्धीच बातमी नांदेडला पोचली. तनूने परभणीच्या कृषी विद्यापीठात शिक्षण घेतलं, मग हैदराबादला नोकरी लागली. काम काय, तर धान्य आंबवायचं. पोरगी खोटं बोलली नाही हो, तिने अगदी हेच सांगितलं. यांनी ते ऐकलं, वर हैदराबादचं नाव ऐकलं, आणि आपल्या मनाने ठरवून टाकलं की लेक इडली-डोशाच्या पिठाच्या कारखान्यात मोठी साहेब आहे. मलाही तेच वाटलं. यांनी अख्ख्या मुरुडला सांगितलं. बाजारात लोक थांबवून विचारायचे, दगडूअण्णा, डोसा तव्याला चिकटून राहिलाय, लेकीला विचारा की. आणि हे खरोखर फोन करून विचारायचे. ती बिचारी इंटरनेटवर बघून उत्तर द्यायची. मागच्या साली तिने आपल्या रानातली ज्वारी मागवली. यांनी चांगली निवडून, पाखडून, गाडीवर घालून पाठवली. ज्वारीचा डोसा निघणार म्हणून गावभर सांगत फिरले.

मग येळवस आली. तुला सगळं माहीतच आहे, कडब्याची कोपी, पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मातीच्या बिंदग्यांमधून डोक्यावर रानात आणलेलं ज्वारीचं आंबील. तनू सुट्टी काढून आली होती आणि येताना आपल्या ज्वारीची बियर घेऊन आली होती. जेवणं झाली की आबांना बाजूला घेऊन शांतपणे सांगायचं, असं तिने ठरवलेलं. गार राहावी म्हणून तिने ती एका रिकाम्या बिंदगीत ओतली, ओलं फडकं गुंडाळलं आणि आंबिलाच्या बिंदग्यांशेजारी सावलीत ठेवली. अगं, परभणीची पदवी घेतलेली पोरगी! आंबिलाच्या शेजारी!

दरवर्षी रानाला आंबील शिंपताना बिंदगी कुणाच्या खांद्यावर असते? फारूकभाईंच्या. हे पुढे शिंपत जातात आणि फारूकभाई मागून, 'ओलगे ओलगे' असा येळवशीचा पुकारा करत, यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात. बिंदगी उचलण्याआधी फारूकभाई तिचा वास घेतात, आंबील जास्त आंबलंय का, मीठ बेताचं आहे का, सगळं नाकाने सांगतात आणि माझी चेष्टा करतात. या वर्षी ते नव्हते. थंडीमुळे रजयांचं दुकान सोडवेना आणि वर गुडघा धरलेला. मग यांनी स्वतःच हाताला लागली ती बिंदगी उचलली आणि निघाले. सगळ्या शाळूला फेरी मारली, मोठ्या भक्तीने, बांधाबांधाने. शेवटच्या कोपऱ्यावर पोचले तेव्हा फेस मनगटापर्यंत आला. तिथूनच ओरडले, "सिंधे, ह्ये आंबील उतू का चाललंय?"

तनू पळत सुटली. मी तिच्या मागे. तिने कसंबसं सांगितलं, "आबा, ते आंबील न्हाई. बियर हाय. आपल्याच ज्वारीची."

बानो, मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी विहिरीकडे तोंड केलं. माळकरी माणूस, उभ्या रानाला बियर शिंपून आलेला! पण यांचं तोंड पाहिलं आणि माझं हसू विरलं. ते रागावले नाहीत. बिंदगी अलगद खाली ठेवली, हात धुतले, पंगतीला येऊन बसले आणि पाहुण्यांना वाढायला लागले. पण त्या दिवसापासून लेकीशी बोलणं बंद. आधी फोन वाजला की "माझ्या लेकीचा फोन आला" म्हणून उठायचे. आता माझ्याकडे न बघता म्हणतात, "तुझ्या लेकीचा हाय." एकदाच बोलले, तेही भाकरी मोडताना. "ज्वारी भाकरीसाठी असती." मी म्हटलं, आणि आंबील कशाचं असतं? त्यावर जेवून उठले. खरं दुखणं बियरचं आहे की डोशाचं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. बाजारातली वाट मात्र त्यांनी बदललीय.

मला त्या पोरीचा अभिमान वाटतो, तुला सांगायला कसली लाज? आंबील केव्हा लावायचं, किती आंबू द्यायचं, नाकाने कसं ओळखायचं, हे सगळं ती माझ्या चुलीजवळ बसून शिकली. तिथे पबमध्ये ती रबरी बूट घालून तिच्याहून उंच स्टीलच्या टाक्यांमध्ये तेच करते, आणि मोठे मोठे लोक तिला विचारून पुढचं पाऊल टाकतात. त्या रविवारी तिच्या ज्वारीच्या बियरचा नळ पहिल्यांदा उघडणार. तोटी तिनेच फिरवायची आहे. मला म्हणाली, "आई, आबा न्हाई आले तरी चालंल." आणि पाठोपाठ विचारलं, आबांना खुर्ची मऊ लागते ना गं? मी फोन ठेवल्यावर रडले. एवढं एकच मला पाहिजे आहे बानो, तिने तोटी फिरवताना तिचे आबा समोर असावेत. बांगड्या आणि बिर्याणी नंतर.

पबमध्ये अंधार नसतो का, कानठळ्या बसत नाहीत का, हे मी तिला पुन्हा पुन्हा विचारून घेतलंय. दुपारी तिथे लख्ख उजेड असतो म्हणे आणि घरची घरं जेवायला येतात. जेवणाची बाजू वेगळी आहे, मध्ये काच. दारूचा ग्लास त्या बाजूला येत नाही, पण काचेतून टाक्या आणि तो नळ समोर दिसतो. आपल्यासाठी तिथलं टेबल धरलंय. मटण हलाल आहे का, हे तिने न सांगता विचारून ठेवलं, बानोखालाच्या हातचं खाऊन वाढलेली आहे शेवटी. मिरचीची भजी फार चांगली करतात आणि लिंबू-सोडा मोठ्या मगात देतात. मी बियर चाखणार का? चाखेन एक घोट. माझ्या लेकीच्या हाताची आहे. तू बघू नकोस म्हणजे झालं.

आता मुख्य गोष्ट. शाळूची रास झाली त्या दिवशी हे अंगणात बसून धान्य मुठीत घ्यायचे, बघायचे, परत सोडायचे. मग एकदम मला विचारलं, "तिथं जेवायला काय मिळतं?" मी भाकरी थापता थापता थांबले, पण हसले नाही. हसले असते तर सगळं फिसकटलं असतं. शाकाहारी मिळतं, एवढंच म्हटलं. मग थोड्या वेळाने म्हणाले, "फारूक येतो का इचार. तो बी पीत न्हाई, मी बी पीत न्हाई. दोघं असलो की कुणी काही म्हणत न्हाई. एकटा मी न्हाई जायचा." मी म्हटलं, तुम्हीच विचारा की. तर म्हणे, "मी कशाला? येळवशीला आला का तो? गुडघा दुखतो म्हणं. आंबील काय गुडघ्यानं प्यायचं असतं?"

म्हणून हे पत्र, बानो. नाव तुझं घातलंय, पण आहे फारूकभाईंसाठी. इफ्तारनंतर ते दुकानातून येऊन निवांत बसले की त्यांना मोठ्याने वाचून दाखव, रजई-गाद्यांचा विषय निघायच्या आत. त्यांना सांग की बिंदगी चुकली ती त्यांच्या नाकावाचून चुकली, तेव्हा निस्तरायलाही त्यांनीच आलं पाहिजे. पबची पायरी चढणं त्यांना पटलं नाही तर मी मनात काही धरणार नाही, त्यांचं त्यांनी ठरवावं. फक्त ठरवण्याआधी एवढं त्यांच्या कानावर घाल. आज सकाळी यांनी नव्या शाळूचं पोतं भरायला घेतलं. बियर प्यालेल्या त्याच रानाचा शाळू. मी विचारलं, हे कुणाला? तर म्हणाले, "माझ्या लेकीला. रिकाम्या हातानं जायचं का?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. बाहेर आले तर पोत्याचं तोंड शिवून झालं होतं आणि पोतं निम्मंच भरलेलं होतं. एवढंच का, म्हटलं. सुई-दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "दुसरं टोक फारूक धरंल की. त्याच्या गुडघ्याला झेपलं पाहिजे."

तुझीच, बिर्याणीची वाट बघणारी,
सिंधु