आप्पांच्या आकड्यांचं लायसन्स

आप्पा, तुम्ही काढलेले आकडे अजून तुमचेच आहेत. हे मला या मंगळवारी दुपारी कळलं आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. शून्य ते नऊ. जाड तपकिरी कागदावर काढून तुम्ही ते टाचणीने टोचले होते, आणि त्या कागदाला तुम्ही खाका म्हणायचात. खाका भिंतीला लावायचा, त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की भिंतीवर ठिपक्यांचा पाच उमटायचा आणि तुमचा ब्रश त्या ठिपक्यांवरून न थांबता फिरायचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, ब्रशने बोर्ड रंगवायचं काम शहरातून जवळजवळ गेलंच, आणि कायदा म्हणतो की माणूस गेल्यावरही साठ वर्षं त्याच्या चित्रावरचा हक्क संपत नाही. म्हणजे मी म्हातारा होईन तेव्हाही त्या आकड्यांवर हक्क असेलच. माझं वाचण्यात चुकलं असेल असं वाटून मी शब्द न् शब्द परत लावून पाहिला. तेच लिहिलं आहे.

हे मी का वाचत बसलो ते सांगतो. मी आता फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. हो, फ्लेक्सच्याच. वाढदिवसाचे, उद्घाटनाचे, श्रद्धांजलीचे बॅनर मी तयार करतो, आणि बारावी अर्ध्यात सुटलेली असूनही मालक मला सोडत नाहीत, कारण माझ्या बॅनरवर नावातली वेलांटी चुकत नाही. ती सवय तुमची आहे. गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी गेम बनवतो. गेम म्हणण्यासारखं त्यात काही नसतं. एक चौकोन, खाली जमीन, बटण दाबलं की चौकोन उडी मारतो, वर गुण दिसतात, पडला की परत पहिल्यापासून. बस. पूर्ण गेम मला कधी जमला नाही, पुढं गेलं की भीती वाटते की मागचं काहीतरी मोडेल. पण सुरुवात मी फार स्वच्छ करतो. म्हणून मी नुसत्या सुरुवातीच बनवून इंटरनेटवर ठेवायला लागलो, की ज्याला गेम करायचा आहे त्याने हा साचा उचलावा आणि पुढचं आपलं आपण करावं. गुण दाखवायला मला मराठी आकडे हवे होते. कॉम्प्युटरमधले आकडे मला पातळ वाटले. मग मी माळ्यावरून तुमचा खाका काढला, खिडकीला धरला, उजेड भोकांतून आला तसा फोटो काढला, आणि ठिपके जोडत जोडत दहाही आकडे उतरवून घेतले. तुमच्या सातचं पोट मला दोनदा काढावं लागलं.

त्या साच्यात मी लायसन्सची फाईल ठेवली नव्हती. मुद्दाम ठेवली नव्हती. मला वाटायचं, अटी घालणारे लोक लायसन्स लावतात, आणि ज्याला काही अट नाही त्याने काहीच लिहू नये. तुमच्या शेडमध्ये खाके खिळ्याला टांगलेले असायचे आणि कुठं काही लिहिलेलं नसायचं, तसं. मी लहान आहे, तिसरीत असेन, आणि सांगोल्याचे एक पेंटर तुमचा गणपतीचा खाका न्यायला आले आहेत. तुम्ही स्टुलावर उभे आहात. ते खिळ्याकडे हात नेतात आणि मी मधे जाऊन म्हणतो, आमचा आहे तो. तुम्ही स्टुलावरून न उतरता, ब्रश न थांबवता म्हणता, "भोकांचा मालक कवा झालास रं तू?" ते पेंटर हसतात. मी रागाने शेडबाहेर निघून गेलो. पण मला ते पटलं होतं, आणि माझ्या मते मी तसाच वागत होतो.

सोमवारी अक्कलकोटच्या एका मुलीचा मेसेज आला. ती डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने माझा साचा घेऊन तिच्या मावशीच्या अंगणवाडीतल्या पोरांसाठी गेम केला आहे. त्या गावात पोरं घरी कन्नड बोलतात आणि अंगणवाडीत मराठी ऐकतात, तर तिच्या गेममध्ये एक शेळी आकड्यांवर उड्या मारते आणि दोन्ही भाषांत मोजते, ओंदु, एक, एरडु, दोन. तिने मला सर म्हटलं होतं. मी सर नाही हे सांगायचं राहून गेलं, कारण पुढचं वाचून मी खुर्चीत मागे सरकलो. तिच्या प्रोजेक्टच्या मॅडमनी गेम परत पाठवला होता. त्यांचं म्हणणं, या साच्यावर परवानगी कुठंच लिहिलेली नाही, आणि जिथं परवानगी लिहिलेली नाही ते दुसऱ्याचं घर समजायचं, दार उघडं असलं तरी आत जायचं नाही. शनिवारपर्यंत परवानगी लेखी आली नाही तर तिला नवा प्रोजेक्ट करावा लागेल, आणि तेवढे दिवस आता उरलेले नाहीत. म्हणजे तिचं वर्ष जाणार.

माझा विश्वासच बसला नाही. मी वाचायला लागलो आणि वाचत गेलो तसा जास्तच हादरलो. मॅडम बरोबर होत्या. काही न लिहिणं म्हणजे मोकळं नव्हे. काही न लिहिणं म्हणजे सगळे हक्क माझे, कुणी हात लावायचा नाही. मी इतकी वर्षं दार उघडं ठेवलंय असं समजत होतो आणि कायद्याच्या लेखी मी कुलूप लावून बसलो होतो. किती जणांनी तो साचा उघडून, लायसन्स नाही म्हणून गुपचूप बंद केला असेल ते मला कळणारही नाही.

मुलीला मी लगेच लिहिलं की माझ्याकडून परवानगी आहे, हा मेसेजच मॅडमना दाखवा. ती म्हणाली, सर, तेवढ्याने होत नाही, आमचे प्रोजेक्ट पुढच्या वर्षीची मुलं वापरतात, मावशी बाकीच्या अंगणवाड्यांना देणार आहे, सगळ्यांनाच चालेल असं तुम्ही साच्यातच लिहायला पाहिजे. मग मी लायसन्सं वाचली. मुख्य तीन तऱ्हा आहेत, आप्पा. एकात तुम्ही सगळं सोडून देता, नावही. एकात घेणाऱ्याने काहीही करावं, विकावंही, फक्त तुमचं नाव असलेला कागद सोबत ठेवावा. आणि एकात घेणाऱ्याने त्यावर जे काही बांधलं तेही इतरांना तसंच मोकळं द्यावं लागतं. एका चौकोनाच्या उडीसाठी ती तिसरी अट मला जड वाटली. माझ्या प्रोग्रॅमच्या ओळी जेमतेम दोन पानं भरतील एवढ्या आहेत, त्यांना मधलं लायसन्स पुरतं. ते मी तासाभरात ठरवलं. मग फाईल भरताना शेवटचा प्रश्न मनात आला, की या साच्यातलं सगळं माझंच आहे का? आणि मला तुमचे आकडे दिसले.

कुणी म्हणतं आकड्यांच्या नुसत्या आकारावर हक्क नसतो, कुणी म्हणतं हाताने काढलेलं ते चित्र, त्यावर असतो. मला धोका नको होता, म्हणून मी दुसरं धरलं. धरल्यावर कळलं की तुमच्यामागे तो हक्क आईचा, अक्काचा आणि माझा, तिघांचा मिळून आहे. मी एकट्याने तो देऊ शकत नाही. इतके दिवस मी जे वाटत होतो त्याचे दोन तृतीयांश मालक वेगळेच होते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

बुधवारी सकाळी मी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. मी सगळं समजावून सांगितलं, तिने ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "आकडे बी कुणाच्या मालकीचे असतात व्हय? उद्या वाऱ्याला लायसन काढशील." म्हणजे तुझी हरकत नाही ना, असं मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, दिलं की, आता बाजूला हो, धूर लागतोय. मग करकंबला अक्काला फोन लावला आणि आईलाही ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. अक्का आधी हसली. सही करायला येते की म्हणाली, बायकांना एसटीचं अर्धंच तिकीट हाय आता. मग मी सांगितलं की हे फक्त त्या मुलीपुरतं नाही, कुणालाही, कायमचं, न विचारता घेता येईल. तर तिचं हसू थांबलं आणि ती म्हणाली, न्हाय.

मला वाटलं आवाज तुटला. मी परत विचारलं. परत तेच. मग तिने जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. तुम्ही गेल्यानंतरच्या नागपंचमीला ती माहेरी आली होती, तेव्हा आपल्या बोळातल्या शाळेची भिंत नव्याने रंगवली होती. आकडे तुमचे. तिने लांबून ओळखले. जवळ गेली तर खाली कोपऱ्यात नाव दुसऱ्या पेंटरचं. "आप्पा गेले आन महिन्यात त्यांचं नाव पुसून घेतलं," ती म्हणाली, "आन तू आता साऱ्या जगाला सांगतोस, न्या म्हणून." इतकी वर्षं ती त्या शाळेवरून जायचं टाळत होती. नणंदेची पोर त्याच शाळेत शिकलेली, तिचा दाखला काढायचा होता तेव्हाही तिने भाऊजींना पाठवलं होतं.

मी आईकडे पाहिलं. ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली होती. तिने ती करपलेली भाकरी बाजूला काढली, पदराला हात पुसले आणि फोनच्या जवळ येऊन बसली.

"मीच दिला होता त्याला खाका," आई म्हणाली. "दारात आला, चप्पल काढून बसला. म्हणला, वैनी, खाली नाव कुणाचं घालू? मी म्हणलं, हात ज्याचा, नाव त्याचं. तुझ्या आप्पांचंच बोलणं हाय ते. काम झाल्यावर त्यानं खाका परत आणून दिला."

फोनमध्ये, अक्काच्या पलीकडे कुठंतरी, कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. मला वाटलं अक्का रडत असेल, पण ती बोलली तेव्हा आवाज कोरडा होता.

"इचारलं व्हतं त्यानं?"

"इचारलं व्हतं की."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

आई म्हणाली, तू विचारलंच नाहीस. आपल्या घरात तीन माणसं, आणि एका भिंतीबद्दल अक्काला एक गोष्ट माहीत होती, आईला दुसरी. मला त्यातली एकही माहीत नव्हती.

मग अक्काने विचारलं की तुमचं नाव तरी राहील का. मी म्हणालो, राहील, तसं लायसन्स आहे, आकड्यांसाठी वेगळी फाईल करता येते. ती म्हणाली, कोण वाचणार? मी खरं सांगितलं, की बहुतेक कुणीच वाचणार नाही, पण काढूनही टाकता येणार नाही. तिने थोडा विचार केला. "मग पुरं लिही," ती म्हणाली. "आप्पांचं, त्यांच्या आप्पांचं, आन आडनाव. काटछाट करू नको." आई शेजारून म्हणाली, त्यांनी भिंतीवर कवा पुरं नाव टाकलं होतं? अक्का म्हणाली, म्हणूनच.

फाईलच्या पहिल्या ओळीत वर्ष लागतं. आकडे कधी काढले ते आईला विचारलं तर ती सहज म्हणाली, अक्का पोटात होती तवा, त्या शाळेचं काम आलं होतं. मी लिहिता लिहिता थांबलो. मला आयुष्यभर वाटत होतं की ते आकडे तुम्ही मला शिकवायला काढले होते. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. तुम्ही माझं बोट धरून त्या भोकांवरून फिरवायचात, त्यावरून मीच ठरवलं होतं. मी वर्ष लिहिलं, दोनदा तपासलं, तुमचं नाव लिहिलं, तेही तपासलं. तुमचं पूर्ण नाव मी शेवटचं टाईप केलं होतं ते तुमच्या श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी.

फाईल बुधवारी दुपारीच तयार होती. मी ती शुक्रवारी संध्याकाळी चढवली. मुलीने शनिवारी सकाळी कळवलं की मॅडमनी प्रोजेक्ट घेतला, आणि खूप आभार मानले, परत सर म्हणून. मधल्या दोन दिवसांत तिने जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा मी तिला लिहीत होतो, घरच्यांची संमती घेतोय. संमती कधीच मिळाली होती. पण ती विचारायची आणि मी तिला आकड्यांबद्दल काहीतरी विचारायचो, आणि ती सांगायची. की पोरं पडद्यावर तीनवरून बोट फिरवतात. की एक पोरगा नऊला शेळीचं शिंग म्हणतो. की हे आकडे कुणी काढलेत सर, कॉम्प्युटरचे वाटत नाहीत. तुम्ही गेल्यापासून तुमच्या कामाबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि लायसन्स लावलं की पुढे कुणाला विचारायची गरजच उरत नाही, त्यासाठीच तर ते असतं. तिचं वर्ष टांगणीला होतं आणि मी तिच्याकडून आणखी एक मेसेज यावा म्हणून थांबलो होतो.

हे पत्र मी साच्याच्याच फोल्डरमध्ये लिहायला घेतलं होतं, तुमच्या नावाच्या फाईलशेजारी. आत्ता लक्षात आलं की त्या फोल्डरमध्ये जे ठेवीन ते कुणालाही घेता येईल. म्हणून तिथून काढून दुसरीकडे ठेवलं. आकडे दिले, आप्पा. हे मला कुणाला द्यायचं नाही.