फारूख टेलरच्या वहीतलं माप

तनुजा,

भेंडी चिरून ठेवलीय. मी औरंगपुऱ्यात जाऊन येतो. शिवराजला ऑफिसात फोन लावू नको.

काल कपाटात तुला सासूबाईंचे तीन कोरे ब्लाऊज सापडले. माझं डोकं ठिकाणावर आहे. ही वारल्यावर हिच्या पर्समध्ये फारूख टेलरची पावती निघाली, म्हणून शिवायला टाकलेला ब्लाऊज आणायला गेलो. त्यानं विचारलं, "भाभी नै आये?" माझ्या तोंडून निघून गेलं, "घरी आहे, गुडघा दुखतोय." तेव्हापासून दर महिन्याला एक पीस शिवायला टाकतो. हिचं माप त्याच्या वहीत आहेच.

तिथं बाकावर मशीनचा आवाज ऐकत बसलं की वाटतं, ही समोरच्या दुकानात मॅचिंग अस्तर बघायला गेलीय, येईलच आता. बेचाळीस वर्षं अशीच वाट बघितली, लई सुखात.

फारूखभाई परवा म्हणत होता, भाभींना बघायला घरी येतो. मी नसताना आलाच, तर आई झोपल्यात म्हण.

हळू आवाजात म्हण.

आप्पा