सुभेदाराला कुणाकडे ठेवायचं?

३१ ऑगस्ट, रविवार, सकाळ

संकल्प. या दिवाळीत सिक्कीम. नक्की. मोहनाला कांचनजंगा बघायचंय. लग्न झालं त्या वर्षी म्हणाली होती, अजून म्हणते. बायकोत चिकाटी आहे.

खरं तर आमच्याइतकं मोकळं जोडपं बडोद्यात अख्ख्या वासणा रोडवर सापडणार नाही. मूल नाही. बाय चॉइस. ट्यूशन नाही, बोर्डाची परीक्षा नाही. मनात आलं की बॅग भरायची आणि निघायचं. आजवर निघालो नाही, हे कबूल. पण निघू शकत होतो, हे महत्त्वाचं.

मूल नको हा निर्णय दोघांचा. तेव्हा मी मुद्दे व्यवस्थित मांडले होते. स्वातंत्र्य, प्रवास, जग बघणं. मोहना ऐकत होती. काही बोलली नाही. म्हणजे एकमत.

अडचण एकच. सुभेदार. लॅब्रेडॉर, वय नऊ. माझ्याशिवाय जेवत नाही. मागे मी ट्रेनिंगसाठी दोन दिवस दहेजच्या प्लांटवर होतो, तर बिचाऱ्याने पोळीला तोंड लावलं नाही. मोहना म्हणते लावलं होतं, वर तिच्या ताटातलीही खाल्ली. तिचं निरीक्षण कच्चं आहे.

७ सप्टेंबर

मोहनाला सुचवलं, दिवाळीत कशाला? दिवाळीत अख्खं गुजरात ठेपले बांधून बाहेर पडतं. मुलाबाळांवाले जातात त्या गर्दीत आपण का मरायचं? आपल्याला शाळेच्या सुट्ट्यांचं बंधन थोडंच आहे!

ती म्हणाली, मी एकोणीस वर्षं शाळेत शिकवतेय, सलील.

हा मुद्दा राहून गेला होता.

८ सप्टेंबर

मोहनाने तिकिटं काढली. मला न विचारता. पाडव्याच्या दिवशी, बावीस ऑक्टोबर, बडोदा-दिल्ली-बागडोगरा. पैसे परत मिळणारी नाहीत. म्हणाली, दरवर्षी नववीच्या पोरांना हिमालय शिकवते, नकाशावर पट्टी फिरवते, आता एकदा डोळ्यांनी बघू दे.

मी फक्त विचारलं, सुभेदाराला कुणाकडे ठेवायचं? जेवणानंतर ॲसिडिटी झाली. मला.

१३ सप्टेंबर

नंदेसरीच्या केमिकल प्लांटमध्ये मी सेफ्टी ऑफिसर आहे. भावनेच्या भरात निर्णय घेत नाही. ट्रिपचं रीतसर रिस्क असेसमेंट केलं. दरड कोसळणे, विरळ हवा, अनोळखी अन्न, ड्रायव्हरला डुलकी. सुभेदाराच्या नावापुढे लाल रंगात 'हाय'. प्रिंट काढून मोहनाला दिली.

तिने त्यावर मेथी निवडली.

२० सप्टेंबर

मोहनाने सिंधरोटकडे एक फार्म शोधून काढलं. विक्रमसिंह नावाचे गृहस्थ आहेत, लोक बाहेरगावी गेले की त्यांची कुत्री सांभाळतात. तिघं बघायला गेलो. आवार मोठं, कडुलिंबाची सावली, सगळीकडे कुत्री हुंदडतायत. अजिबात शिस्त नाही. विक्रमसिंह म्हणाले, चिंता ना करो साहेब, मारे घेर बधा राजा छे. म्हणजे त्यांच्या घरी सगळेच राजे.

मी कंपाउंडची भिंत टेपने मोजली. टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. फायर एक्स्टिंग्विशर कुठे आहे विचारलं, तर विहीर दाखवली.

शेवटी अट घातली. मॉक ड्रिल. सुभेदार इथे एक रात्र राहील. जेवला नाही तर ट्रिप रद्द. मोहना लगेच हो म्हणाली. भोळी आहे.

२८ सप्टेंबर

सुभेदाराला सोडून आलो. वासाचा आधार म्हणून माझा वापरलेला शर्ट दिलाय. बाहेर पडल्यावर फाटकाआड बराच वेळ उभा राहिलो. रडण्याचा आवाज आला नाही. वारा उलट्या दिशेने होता.

मोहना शाळेतल्या मैत्रिणींबरोबर गरब्याला गेली. घरी मी आणि सुभेदाराचं भांडं. फोन हातात धरून बसलोय. 'साहेब, घेऊन जा, खात नाही' एवढंच ऐकायचंय.

२९ सप्टेंबर

फोन आला नाही म्हणून ऑफिसला दांडी मारून स्वतःच गेलो. मोहनाही आली, तिने पहिल्या तासाची बदली लावली होती.

विक्रमसिंहांचा रिपोर्ट: बाजरीचा रोटला आणि दूध. दोनदा. नंतर झोप. माझा शर्ट सुभेदाराने लिंबाखाली खड्डा करून पुरला.

गाडीचं दार उघडलं तर हा खाटेखाली जाऊन बसला. हाका मारल्या, बिस्किट दाखवलं. शेपूट हलवली, पण विक्रमसिंहांकडे बघून. शेवटी त्यांनीच उचलून मागच्या सीटवर ठेवला. मानसिक धक्का बसलाय त्याला, दुसरं काय. माझ्याविना रात्र काढल्यामुळे माणसं ओळखू येत नाहीयेत.

मोहना घरापर्यंत हसत होती. किती दिवसांनी हसली. मला मुळीच आवडलं नाही.

५ ऑक्टोबर

मोहनाला काळजीपूर्वक शब्दांत सांगितलं होतं की प्लांटचं शटडाउन आहे, रजा मिळणं कठीण. आज ती खंडेराव मार्केटात भाजी घ्यायला गेली आणि तिथे नेमका आमच्या डिपार्टमेंटचा मयंक भेटला. मयंक म्हणाला, वहिनी, सलीलसरांना प्लीज घेऊन जा कुठेतरी. त्यांची रजा सगळ्यांत जास्त साठलीय, एचआर आमच्या मागे लागलंय.

मयंकला मी स्वतः ट्रेनिंग दिलं होतं. कलियुग आहे.

मोहना भांडली नाही. वांगी फ्रिजमध्ये ठेवली आणि झोपायच्या खोलीत गेली. हल्ली ती भांडत नाही. आमच्यात समजूतदारपणा वाढलाय.

१२ ऑक्टोबर

मोहनाने खरेदी केली. थर्मल, हातमोजे, माझ्यासाठी मोरपंखी जॅकेट. माप बरोबर. घालून आरशात पाहिलं तर चक्क बरा दिसलो. तीही मागे येऊन उभी राहिली, कॉलर सरळ केली. म्हणाली, फोटोत छान दिसशील, मागे बर्फ.

क्षणभर वाटलं, जाऊन यावं.

मग विमानाचं दार लागतंय आणि मी आत आहे, असं काहीतरी डोळ्यांपुढे आलं. सुभेदाराची काळजी, बाकी काही नाही. जॅकेट काढून ठेवलं. मोहनाला सांगितलं, गळ्याशी टोचतंय.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

देव आहे!

सकाळी पार्किंगमध्ये स्कूटरच्या मागे मांजराचं पिल्लू. एवढंसं, डोळे जेमतेम उघडलेले, एकटं. अनाथ. उचलून वर आणलं. नेटवर वाचलं, याला दर थोड्या वेळाने ड्रॉपरने दूध पाजावं लागतं, नाहीतर जगत नाही. म्हणजे घरी कुणीतरी थांबावंच लागणार. विक्रमसिंहांकडे नुसती कुत्री. मी मुद्दाम काहीच केलेलं नाही. स्कूटरमागे मी फक्त सहज वाकून पाहिलं होतं.

मोहना दारात रांगोळी काढत होती. पिल्लू तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, ही बघ, आपली लेक.

तिने रांगोळीचा डबा खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. मग डबा उचलून आत गेली. रांगोळी अर्धीच राहिली.

१९ ऑक्टोबर

मोहना म्हणाली, पिल्लू शालिनीबेनकडे दे, त्या बघतील. मी म्हटलं, इतक्या लहान जिवाला टाकून जायचं? तुझ्यातल्या आईला हे पटतं?

ती म्हणाली, तो शब्द तू माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस.

मग म्हणाली, सलील, 'मला यायचं नाही' एवढं सरळ म्हण. एकदा म्हण. मी रागावणार नाही. मी म्हटलं, या क्षणी निघायला तयार आहे, प्रश्न फक्त पिल्लाचा आहे. तिने डोळे मिटले. दमलेली दिसते. दिवाळीत बायकांना फार काम पडतं.

खाली एक कान फाटलेली मांजर कालपासून ओरडतेय. जिन्यात, पार्किंगमध्ये, सारखं तेच. फटाके कमी होते म्हणून हे. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली.

२० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

तळमजल्यावरच्या शालिनीबेन घुघरे, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, घेऊन आल्या. म्हणाल्या, सलीलभाई, तक्रार शुं करो छो, ए बिलाडी बच्चुं शोधे छे. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, एकेक करून उचलून नेते. नेता नेता एखादं मागे राहिलं असेल, परत येईल घ्यायला. तुम्ही उचललं नाही ना?

मी दार थोडं लोटून घेतलं. म्हटलं, छे.

या बाईंना जगात सगळीकडे आईच दिसते. दहा वर्षं आम्हाला जिन्यात गाठून 'गुड न्यूज' विचारत होत्या. मोहना प्रत्येक वेळी हसून वर यायची आणि थेट बाथरूममध्ये जायची, नळ सोडायची. मला वाटायचं, उन्हातून आलीय.

२१ ऑक्टोबर

मोहना एकटीच सुभेदाराला सिंधरोटला सोडून आली. फाटक उघडल्याबरोबर आत पळाला म्हणे. मागे वळून बघितलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नाही.

बॅग भरतेय. एकच. माझं जॅकेट घडी करून पलंगावर ठेवलंय.

मी मोठ्या मनाने म्हटलं, तू जा. मी त्याग करतो. आता ती म्हणेल, तुझ्याशिवाय कशी जाऊ? थांबलो. पिल्लाला दूध पाजलं. पुन्हा तिच्याजवळ जाऊन थांबलो.

तिने विचारलं, चार्जर कुठेय?

२२ ऑक्टोबर, पाडवा

पहाटे अंघोळ करून मोहनाने मला पाटावर बसवलं, ओवाळलं. कुंकू, अक्षता, सगळं. माझ्या हातात पिल्लू होतं, त्यामुळे ताटात काही घालायचं राहून गेलं. तिने थोडा वेळ ताट तसंच धरलं. मग देवापाशी ठेवलं आणि कॅब बोलावली.

एअरपोर्टवर जाता आलं नाही. पिल्लाची वेळ होती. गॅलरीतून पाहिलं, खाली शालिनीबेन भेटल्या, साल मुबारक म्हणाल्या, मोहनाही म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडली. बराच वेळ. बाई नाटकी आहेत.

मोहनाने वर पाहिलं नाही. मी हात हलवत होतो. नंतर पिल्लाचा पंजा धरून हलवला.

एकटी फार दिवस टिकणार नाही. साधा कॅबचा ओटीपी तिला सापडत नाही.

२३ ऑक्टोबर

फोन नाही. तिच्या स्टेटसवर फोटो. तीस्तेच्या काठी चहाचा ग्लास. केस मोकळे सोडलेत. हसतेय. फोटो कुणी काढला?

पिल्लू दूध ओकून टाकतंय. ड्रॉपर चुकीचा असावा.

२४ ऑक्टोबर

दुपारी दुधाचा आंबट वास घालवायला स्वयंपाकघराची खिडकी उघडली. पाइपवरून कान फाटलेली मांजर आत आली. मी झाडू घेतला. ती घाबरली नाही. टोपलीपाशी गेली, पिल्लाला हुंगलं, चाटलं, मानेला धरून उचललं. पिल्लू एकदम गप्प झालं. इतके दिवस माझ्या हातात एकदाही गप्प झालं नव्हतं. खिडकीतून गेली. मी झाडू धरून उभा.

नंतर लक्षात आलं, ही तर चांगली बातमी! मोहनाला फोन लावला. म्हटलं, अडचण दूर झाली, आता मी मोकळा, उद्याच्या विमानाने पोहोचतो.

ती म्हणाली, येऊ नकोस.

मी म्हटलं, नेटवर्क खराब आहे. ती म्हणाली, नेटवर्क चांगलं आहे. सकाळी डोंगर पूर्ण दिसला म्हणाली. पेलिंगच्या गच्चीवरून, आधी गुलाबी, मग पांढरा. खूप रडले. मग तुझी आठवण आली आणि नुसता थकवा आला. मला मूल हवं होतं, सलील. तू म्हणालास जग बघू, म्हणून मी ते मनातून काढून टाकलं. तू मला जगही दाखवलं नाहीस.

मी विचारलं, तेव्हाच का बोलली नाहीस?

ती म्हणाली, तू मुद्दे मांडत होतास.

परत आल्यावर इथेच बडोद्यात, अकोट्याला आईकडे उतरणार आहे. सुभेदाराला सिंधरोटहून तीच आणेल. इकडे कधी येणार, ते विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. एअरपोर्टवरून तिला अकोटा सोयीचं पडत असेल.

२६ ऑक्टोबर, लाभपाचम

खाली दुकानांची शटरं उघडली. इतके दिवस सगळं बंद होतं, अख्खी सोसायटी फिरायला गेली होती. आता परत येतायत. जिन्यात बॅगांचा, पोरांचा आवाज.

रजा अजून शिल्लक आहे. कुणाला फिरवायचं नाही, कुणाला पाजायचं नाही. सासूबाईंना फोन करणार होतो, केला नाही. त्या सरळ बोलतात.

सकाळी अंघोळ करून मोरपंखी जॅकेट घातलं, बूट घातले. भीती वाटतेय. तेव्हापासून सोफ्यावर बसलोय. कुठे जायचं ते सुचत नाही.